आयुष्याची सूत्रे स्वतःच्या हाती घेण्याची सुरुवात कोठून करावी?

प्रश्न
लेखिका: शोधयात्री

माझे वय चाळिशीच्या आसपास आहे. नोकरी स्थिर आहे, घरात कोणतेही मोठे संकट नाही, आणि तरीही संपलेल्या दिवसाचा विचार केला तर त्यात मी स्वतः ठरवून केलेले फारसे काही आढळत नाही. कोणी बोलावले म्हणून गेले, कोणी काम सोपवले म्हणून केले, उरलेला वेळ फोन पाहण्यात गेला, असाच बहुतेक दिवसांचा हिशोब निघतो. प्रकृतीकडे लक्ष द्यावे, रात्री वेळेवर झोपावे, अर्धवट राहिलेले शिक्षण पूर्ण करावे आणि प्रत्येकाला ‘हो’ म्हणण्याची सवय मोडावी, हे सगळे मला मनापासून हवे आहे. दर काही महिन्यांनी मी या सर्व गोष्टी एकदम सुरू करते; पहिले काही दिवस उत्साहात जातात आणि मग एखाद्या दिवशी खंड पडला की सगळेच सुटते. त्यानंतर स्वतःवरचा विश्वास आधीपेक्षाही कमी होतो, आणि मला सर्वांत जास्त त्रास याचाच होतो. माझी इच्छाशक्ती कमी आहे, असे जवळची माणसे म्हणतात. तसे असेल तर ती वाढवता येते का? आणि या गोष्टींपैकी आधी कोणती हाती घ्यावी? या विषयाचा अभ्यास असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १
लेखक: मंदगती

आपण वर्णन केलेल्या परिस्थितीला ‘इच्छाशक्ती कमी आहे’ हे निदान मला अपुरे वाटते, कारण त्यातून पुढे काय करावे हे कळत नाही आणि मनाला मात्र डाग लागतो. आपण स्वतःवरचा विश्वास कमी झाल्याचे लिहिले आहे. तेथूनच विचार सुरू करायला हवा. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये स्वसामर्थ्यावरील विश्वासाची जी मांडणी केली, तिच्यानुसार हा विश्वास दुसऱ्यांना पाहून आणि कोणी धीर दिल्यानेही काही प्रमाणात वाढतो. परंतु त्याचा सर्वांत बळकट आधार म्हणजे हाती घेतलेले काम स्वतः पार पाडल्याचा अनुभव. चार मोठे बदल एकाच दिवशी सुरू करणारी व्यक्ती नकळत स्वतःला वारंवार अपयशाचा अनुभव देत राहते, आणि दर वेळी ‘मला जमत नाही’ या समजुतीला नवा पुरावा मिळतो. म्हणून एकच बदल निवडावा आणि तो इतका मर्यादित ठेवावा की थकलेल्या दिवशीही तो पुरा होईल. पुऱ्या झालेल्या कामामुळे आपल्याविषयीचे आपलेच मत बदलू लागते, आणि या घडीला आपल्याला त्याचीच सर्वाधिक गरज आहे.

खंड पडण्याविषयीही थोडे लिहितो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना खाणे, पिणे किंवा व्यायाम यांच्याशी संबंधित एक कृती रोज ठरावीक प्रसंगी, उदाहरणार्थ न्याहारीनंतर, १२ आठवडे करायला सांगितली. ती कृती आपोआप घडू लागण्यास किती काळ लागतो, याचा २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा अंदाज व्यक्तीगणिक १८ ते २५४ दिवस असा पसरलेला होता आणि त्याचा मध्यांक ६६ दिवस होता. २१ दिवसांत सवय लागते असे जे सर्रास सांगितले जाते, त्यावर विसंबून बाविसाव्या दिवशी निराश होण्याचे म्हणूनच काही कारण नाही. याच अभ्यासात असेही आढळले की एखाद्या वेळी कृती चुकली, तरी सवय लागण्याच्या प्रक्रियेवर त्याचा लक्षणीय परिणाम होत नाही. म्हणजे ज्या दिवशी आपण सारे सोडून देता, त्या दिवशी प्रत्यक्षात फारसे काही बिघडलेले नसते.

प्रतिसाद २
लेखिका: तळटीप

वरील विवेचन मला मान्य आहे, तरी पद्धतीच्या आधी एक प्रश्न येतो आणि तो टाळता येणार नाही: या चार इच्छांपैकी खरोखर आपली कोणती? मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या संशोधनाचा गाभाच हा आहे की जी गोष्ट माणूस स्वतःला पटली म्हणून करतो, ती टिकण्याची शक्यता दडपणाखाली किंवा अपराधी वाटू नये म्हणून केलेल्या गोष्टीपेक्षा अधिक असते. अर्धवट राहिलेले शिक्षण आपल्याला विषयाच्या ओढीने पूर्ण करायचे आहे, की ते अर्धवट राहिल्याचे कोणी बोलून दाखवते म्हणून? उत्तर दुसरे असेल, तर ते उद्दिष्ट निःसंकोचपणे बाजूला ठेवावे. नको असलेले उद्दिष्ट सोडून देणे हाही आयुष्याचा ताबा घेण्याचाच भाग आहे, असे माझे ठाम मत आहे.

‘हो’ म्हणण्याच्या सवयीबाबत माझा अनुभव असा की थेट नकार देण्याचा सराव सुरुवातीला जड जातो, तर उत्तर लांबणीवर टाकण्याचा सराव जमतो. “पाहून उद्या सांगते” एवढे एक वाक्य तोंडी बसवावे. विनंती आणि होकार यांच्यामध्ये एक रात्र गेली की समोरच्याच्या चेहऱ्याचे दडपण उतरते आणि आपल्याकडे वेळ आहे की नाही, याचा विचार शांतपणे करता येतो. मात्र दुसऱ्या दिवशी खरोखरच उत्तर द्यावे. ते टाळत राहिल्यास नात्यातला विश्वास जातो.

प्रतिसाद ३
लेखक: साधक

मी थोडक्यात लिहितो. सुरुवात झोपेपासून करावी. अपुऱ्या झोपेमुळे लक्ष, मनःस्थिती आणि मोह आवरण्याची क्षमता या तिन्हींवर परिणाम होतो, आणि बाकीचे तिन्ही बदल नेमके त्यांच्यावरच अवलंबून आहेत. झोपण्याची वेळ ठरवण्यापेक्षा उठण्याची वेळ पक्की करणे सोपे असते, कारण झोप हुकमावर येत नाही. उठणे मात्र बरेचसे आपल्या हाती असते. फोन रात्री दुसऱ्या खोलीत ठेवावा.

एक गोष्ट काळजीपोटी विचारतो. कशातच रस न वाटणे किंवा मन सतत खिन्न असणे दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज जाणवत असेल, तर ती शिस्तीची बाब मानू नये आणि डॉक्टरांची भेट लांबवू नये. नैराश्यावर उपचार आहेत, आणि मदत घेण्याचा निर्णय हाही आपणच घेतलेला निर्णय असतो.

शोधयात्री

तिघांचेही मनापासून आभार. साधक यांच्या प्रश्नाचे उत्तर असे की रस आटलेला नाही. आवडीचे काम समोर आले तर मी त्यात रमते. तळटीप यांचा प्रश्न मनाला लागला. विचार केल्यावर असे दिसते की शिक्षण पूर्ण करण्याची ओढ आता माझी राहिलेली नाही, आणि हे मान्य केल्यावर बरेच हलके वाटले. झोपेपासून सुरुवात करण्याचे ठरवले आहे. अडचण अशी की रात्री घरातली सगळी कामे आटोपल्यावर मिळणारा वेळ हाच काय तो माझा स्वतःचा वेळ असतो, म्हणून फोन सोडवत नाही.

मंदगती

ही अडचण महत्त्वाची आहे, आणि हिच्याकडे दुर्लक्ष करून केलेला कोणताही निश्चय पुन्हा मोडेल. रात्रीच्या फोनमधून आपल्याला एकांत मिळतो. तो काढून घ्यायचा असेल, तर दिवसात दुसरीकडे कोठेतरी द्यावा लागेल. म्हणून आधी संध्याकाळी अर्धा तास स्वतःसाठी राखावा, घरच्यांना तो स्पष्ट शब्दांत सांगावा आणि त्या वेळेत येणाऱ्या विनंत्यांना ‘पाहून उद्या सांगते’ हेच उत्तर द्यावे.

फोनसाठी ‘कमी पाहीन’ असे न ठरवता प्रसंग आणि कृती जोडून ठरवावे: “दात घासून झाले की मी फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावीन.” अशा ‘अमुक झाले की तमुक करीन’ स्वरूपाच्या योजनांवर मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी दीर्घकाळ काम केले आहे. त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी २००६ मध्ये ९४ चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा उद्दिष्ट गाठण्यावर या योजनांचा मध्यम ते मोठा परिणाम दिसून आला. त्या क्षणी नव्याने निर्णय घ्यावा लागत नाही, हे त्यामागचे मुख्य कारण. गजरासाठी फोन जवळ लागत असेल, तर साधे घड्याळ घ्यावे. पहिल्या काही आठवड्यांत याखेरीज दुसरे काहीही सुरू करू नये, व्यायामसुद्धा नाही.