रविवारच्या रानफेरीत त्या शेंगा कोणी तोडल्या?

ए-३०४: रविवारच्या फेरीला गेलेल्यांना विचारतेय. आमच्या पिल्लाच्या हातांवर, मानेवर गांधी उठल्यात. रात्रभर खाजवतोय. फेरी नेणाऱ्यांनी मुलांकडे लक्ष द्यायला नको?

सी-२०१: अगं बाई! गोचीड वगैरे नाही ना?

ए-३०४: नाही. खिशात शेंगा सापडल्या. तपकिरी, मखमली, चिंचेसारख्या वाकड्या.

बी-१०२ काका: खाजकुइली. या दिवसांत वेलावर सुकून लटकत असते. मखमल दिसते ती म्हणजे बारीक टोकदार केस, हात लागला की कातडीत घुसतात. चोळू नका. चिकटपट्टी अलगद लावून उचला, बरेचसे निघतात. कपडे वेगळे धुवा, आणि डोळ्यांना हात लावू देऊ नका. ओढ्यापाशी मी सगळ्यांना दाखवली होती.

ए-३०४: दाखवली तेव्हा अर्धी मंडळी सेल्फीत होती, काका.

सेक्रेटरी: सूचना क्र. ३ : पूर्ण बाह्यांचे कपडे. सूचना क्र. ५ : काहीही तोडू नये.

डी-४०३: पण काका, मधाचं पोळं म्हणून आम्हाला लांब पळवलंत, ते?

बी-१०२ काका: पोळं पोळं तुम्हीच ओरडलात. ते मुंग्यांचं घरटं. फुटबॉलएवढं, काळपट, कागदाच्या लगद्याचे थर चढवल्यासारखं. बाजूला गोल भोक होतं, बघितलंत? तांबूस सुतार तिथे पोखरून आत अंडी घालतो. चावऱ्या मुंग्या नांदत असताना!

सी-२०१: म्हणजे पोटभाडेकरू. एनओसी घेतली का त्याने? 😂

ए-१०१: रोख आमच्याकडे असेल तर स्पष्ट बोला. भाडेकरूंचा विषय मीटिंगमध्ये संपलाय.

सी-२०१: अहो दादा, पक्ष्याबद्दल बोलतेय!

सेक्रेटरी: सूचना क्र. ३ आणि ५ पुन्हा वाचाव्यात.

बी-२०४ ताई: भांडा तुम्ही. मला नवरंग ऐकू आला. दोन सुरांची शीळ, अगदी जवळून, आणि दिसला मात्र नाही 😍

बी-१०२ काका: वा ताई! पावसाच्या तोंडावर येतो तो, घरटं करायला. खाली पाचोळ्यात बघायचं, फांदीवर नाही.

डी-४०३: काजवेही मस्त होते. फक्त कोणीतरी सारखा टॉर्च मारत होतं.

बी-१०२ काका: ते मलाही खटकलं. लुकलुक उगाच नसते, नर-मादी त्यावरून एकमेकांना शोधतात. त्यात आपला झोत पडला की खूण हरवते.

ए-१०१: टॉर्च माझा होता. हिला साप दिसला.

बी-१०२ काका: ऐनाचं मूळ होतं ते. साल मगरीच्या पाठीसारखी, अंधारात कोणीही दचकेल.

ए-१०१: पाय तुमचा पडला असता तर कळलं असतं.

सेक्रेटरी: कृपया विषयावर राहावे. सूचना क्र. ५.

ए-३०४: हो, विषय माझ्या मुलाचा आहे! त्याला त्या शेंगा दिल्या कोणी?

सी-२०१: वहिनी, राग मानू नका. मी काल टाकलेल्या फोटोंतला आठवा बघा. डावीकडे, पिल्लाला खांद्यावर घेऊन वेल खाली ओढतंय ते कोण?

ए-३०४: हा मेसेज हटवला गेला

डी-४०३: 🙊

ए-३०४: ह्यांनी त्याला चिंच म्हणून सांगितलं. ह्यांच्याही मानेला उठलंय, कालपासून घामोळं म्हणतायत.

बी-१०२ काका: चिकटपट्टी दोघांनाही लावा वहिनी. आणि तो शर्ट झटकू नका, घरभर होईल.

ए-३०४: झटकला.

सेक्रेटरी: सूचना क्र. ५.