मदत हवी आहे : ‘बर्ड फ्लू न लागणारी’ पिल्लं घ्यावीत का?

नमस्कार मंडळी. सांगलीत हरिपूरजवळ आमचा मळा आहे. वीसेक गावरान कोंबड्या आणि सहा बदकं पाळली आहेत. बाजारात एक जण दुप्पट भावानं पिल्लं विकतोय. म्हणे त्यांच्यात बदकाचं जीन आहे, बर्ड फ्लू लागतच नाही. आई पिशवी उघडून तयार. मी म्हटलं थांब, आधी विचारतो.

नेटवर बघितलं तर रिग-आय नावाचं जीन खरंच आहे. विषाणूचा आरएनए (त्याचं जनुकीय द्रव्य) पेशीत दिसला की ते इंटरफेरॉनला, म्हणजे विषाणूशी लढायचा इशारा देणाऱ्या प्रथिनांना, हाळी देतं. बदकात असतं, कोंबडीत नसतं. 2010 साली ते कोंबडीच्या पेशींत घातलं तर विषाणूची वाढ कमी झाली, असंही वाचलं. मग हा माणूस खरं बोलतोय की काय? आणि बदक-कोंबडी संकर करून हे जीन आणता येतं का?

शिरवळकर : जीनची गोष्ट खरी, पिल्लांची खोटी. 2010 चं काम प्रयोगशाळेत बशीत वाढवलेल्या पेशींवरचं, जिवंत पिल्लांवरचं नाही. आणि संकरातून ते जीन गावरान कोंबडीत उतरवता येत नाही, तो नाद सोडा.

जिवंत कोंबडीवर एडिंबराच्या संशोधकांनी वेगळी वाट धरली. विषाणूला वाढायला कोंबडीचं एएनपी32ए हे प्रथिन लागतं, त्याच्या जीनमध्येच त्यांनी बारीक बदल केला. 2023 च्या त्या प्रयोगात विषाणूच्या साध्या मात्रेला दहातल्या नऊ कोंबड्यांना लागण झाली नाही. मात्रा हजारपट केली तर निम्म्यांना लागण झालीच, वर विषाणूनं स्वतःला बदलून घेतलं. तिथं ही गत, तर आठवडी बाजारातल्या टोपलीत कुठून येणार?

मला खरी काळजी तुमच्या बदकांची वाटते. लागण झाली तरी बरेचदा ती ठणठणीत दिसतात आणि विष्ठेतून विषाणू सोडत राहतात. (बर्ड फ्लूच्या एच5एन1 विषाणूचे काही प्रकार बदकांनाही मारतात, तो भाग वेगळा.) कोंबड्यांबरोबर एकाच भांड्यात पाणी पितात का?

धागाकर्ता : एकच परात आहे हो! सकाळी बदकं आधी त्यात डुंबतात, मग कोंबड्या चोच घालतात. आत्ताच आईला वाचून दाखवलं. पिशवी परत खुंटीला गेली, पण बदकं विकायला ती तयार नाही. वेगळी परात, वेगळं खुराडं एवढ्यावर भागेल का? नदीवरून येणाऱ्या रानबदकांचं काय करायचं?

शिरवळकर : परात आजच वेगळी करा आणि पाणी छपराखाली ठेवा. बदकांना मळ्याच्या दुसऱ्या टोकाला जाळीत ठेवा, नदीवर सोडू नका. कोंबड्या एकदम मरायला लागल्या तर हात न लावता आधी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.