ऑफिस टाइमला फुलं का येत नाहीत?

जमिनीवर पसरायला लावलेलं ऑफिस टाइम (पोर्तुलाका, जाड पानांचं बुटकं फुलझाड) हिरवंगार आहे, पण फुलं नाहीत आणि मधल्या काड्या कुजताहेत, असा प्रश्न एकाने विचारलाय. त्यावर कुणीतरी खत वाढवायचा सल्ला दिलाय, तो मला अजिबात पटत नाही. खतातलं नत्र (नायट्रोजन) जास्त झालं की हे रोप नुसतं पाल्याला जातं.

मूळचं हे ब्राझील, उरुग्वे, अर्जेंटिना भागातलं, रेताड आणि हलक्या जमिनीतलं. पाणी पानांत आणि काड्यांत साठलेलं असतं. शिवाय पाण्याचा ताण पडला की ते रात्री कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतं आणि दिवसा वापरतं, त्यामुळे बाष्पीभवनात पाणी कमी जातं. इतकी तयारी असलेल्या रोपाला रोज पाणी कशाला? वरची माती पूर्ण सुकू द्या, मगच घाला. माती चिकट असेल तर भरपूर जाड वाळू मिसळा, नाहीतर कूज थांबणार नाही.

आणि ऊन! सावलीत कळ्या उमलतच नाहीत. निदान सहा तास थेट ऊन हवंच.

मधली जागा उघडी पडली असेल तर शेंडे खुडून तिथेच खोचा, सहज मुळं धरतात. बी टाकणार असाल तर मातीआड करू नका, त्याला रुजायला उजेड लागतो. बोंडाचं टोपण अलगद निघतं, आत करडं, चकचकीत, बारीक बी भरलेलं असतं. आणि हो, उमललेल्या फुलातल्या पुंकेसरांना काडीने हलकेच स्पर्श करून बघा. ते चक्क हलतात!