प्रतिसाद: कालेव सोडून बाकीच्यांचं काय?

वर कुणीतरी म्हटलंय की एस्टोनियाची बास्केटबॉल लीग म्हणजे एकट्या कालेवची मक्तेदारी, प्लेऑफ (मोसमाच्या शेवटी चॅम्पियन ठरवणारे सामने) नुसती औपचारिकता. अहो नाही हो! कालेव राजधानीचा, तालिनचा क्लब, अलीकडची जास्तीत जास्त टायटलं त्यांचीच हे मान्य, पण २०१५ ला तार्तू शहराची टीम चॅम्पियन झाली आणि २०२२ ला पॅर्नूने आपलं पहिलं टायटल मारलं. पॅर्नू म्हणजे समुद्रकाठचं चाळीसेक हजार वस्तीचं गाव, उन्हाळ्यात लोक बीचवर लोळायला जातात तिथे! एवढ्याशा गावाने देशाचा चॅम्पियन व्हावं, मला तर जाम भारी वाटतं.

आणि २०१८ पासून लॅटव्हियाबरोबर एकत्र लीग आहे म्हणून एस्टोनियाचं स्वतःचं चॅम्पियनपद गेलं असं नाही, मोसमाच्या शेवटी घरच्या टीम्सचा प्लेऑफ वेगळा होतो, खरी चुरस तिथेच.

इतिहासही बघा ना. सोव्हिएत काळातल्या शेवटच्या मोसमात, १९९१ ला, अख्ख्या सोव्हिएत युनियनचं चॅम्पियनपद तालिनच्या कालेवने जिंकलं, म्हणजे मॉस्कोच्या मोठ्या क्लबांना मागे टाकून, आणि देश स्वतंत्र झाला तोही त्याच वर्षी. त्या टीममधला गार्ड टिइट सोक १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये गोल्ड जिंकलेला माणूस, ज्या सोव्हिएत टीमने सेमीफायनलला अमेरिकेला हरवलं त्यातला. पुढे १९९६ ला एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या लीगच्या ड्राफ्टमध्ये (क्लब नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) मार्टिन म्युर्सेप निवडला गेला, एनबीएत खेळलेला पहिला एस्टोनियन. मॅचेस शोधणार असाल तर प्लेऑफपासूनच सुरुवात करा, तार्तू विरुद्ध कालेव असेल तर अजिबात सोडू नका.