'हॅलोविन एंड्स'च्या आधी कुठले भाग बघावेच लागतील?

गंगापूररोडकर:
दिवाळीत मामेभाऊ येतोय. गच्चीवर प्रोजेक्टर लावून 'हॅलोविन एंड्स' हा भयपट बघायचाच म्हणून हटून बसलाय. मी फक्त १९७८ चा पहिला पाहिलाय. यादी काढली तर तेरा सिनेमे! नायिका लॉरी एकात मरते, दुसऱ्यात जिवंत. कुठे ती मुखवटावाल्या खुनी मायकलची बहीण, कुठे कुणीच नाही. सगळं बघायला लागेल का?

सातपूर_रात्रपाळी:
छे. १९७८, २०१८, 'हॅलोविन किल्स', 'एंड्स'. बास.

नाशिकरोड_कॅसेटवाला:
बरोबर, हे चारच. या मालिकेत नवीन येणारा आधीच्याचं पुसूनच सुरुवात करतो. बहिणीचं नातं १९८१ च्या दुसऱ्या भागात जोडलं, चार ते सहा त्यावरच चालले. १९९८ च्या भागानं ते तिन्ही उडवले. २००२ मध्ये लॉरीला मारलं. २००७ ला रॉब झॉम्बीनं गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली आणि २०१८ ला दिग्दर्शक डेव्हिड गॉर्डन ग्रीननं १९७८ सोडून सगळंच रद्द केलं.

पण जमल्यास तिसरा भाग (१९८२) बघच. माझी नाशिकरोडला व्हिडिओ लायब्ररी होती. हा भाग नेलेलं गिऱ्हाईक सकाळी शटर उघडायच्या आत भांडायला हजर. "मुखवटावाला कुठंय यात? कॅसेट बदललीत तुम्ही!" बदलली कसली, त्यात मायकल नाहीच. मुखवटे बनवणारी एक कंपनी आणि त्या मुखवट्यांनी होणारा पोरांचा घात, अशी वेगळीच गोष्ट. दर भागाला नवी कथा काढायचा बेत होता, पण लोकांना सुरेवालाच पाहिजे होता. १९८८ ला त्याला मुकाट्यानं परत आणावं लागलं.

ग्रीननं २०२२ मध्ये तोच डाव पुन्हा टाकलाय. 'एंड्स' बराचसा कोरी नावाच्या पोराचा आहे, मायकल बराच वेळ दिसतच नाही. सुरुवातीची नावंसुद्धा तिसऱ्या भागासारखी निळ्या अक्षरांत आहेत, म्हणजे गडी आधीच सांगून मोकळा. जाहिरात मात्र केली लॉरी विरुद्ध मायकल, शेवटची झुंज म्हणून. लोक चिडणारच! मला विचारशील तर सिनेमा धाडसी आहे, पाटी चुकीची लावली.

पंचवटीची_भूतमावशी:
काका, पाटीचं काय घेऊन बसलात? कोरी मायकलच्या वाटेला लागतो ते पटतच नाही, सगळं इतकं घाईत उरकलंय. अख्खा 'किल्स' गावकऱ्यांच्या आरडाओरड्यात घालवला, तिथंच आणायचा होता कोरीला. ग्रीनच्या हातात २०१८ पासूनचे तीन भाग असताना नवा माणूस शेवटच्यात?

नाशिकरोड_कॅसेटवाला:
हे मात्र मान्य, मावशी. 'किल्स' मी पळवत पळवत बघितला.

गंगापूररोडकर:
मग 'किल्स' गाळू? आणि भाऊ सोळाचा आहे, चालेल ना?

पंचवटीची_भूतमावशी:
गाळू नकोस, लॉरीच्या मुलीचं काय होतं ते त्यातच आहे. सोळाच्या पोराचं आधी मामीला विचार. 'एंड्स'च्या शेवटी एक यंत्र आहे, त्या वेळी फराळाचं ताट समोर नको. आणि स्पीकर बरा आण. संगीत पहिल्या भागाचा दिग्दर्शक खुद्द कार्पेंटर, त्याचा मुलगा कोडी आणि डॅनियल डेव्हिस यांचं आहे. ते प्रोजेक्टरच्या डबड्यातून ऐकण्यात काही अर्थ नाही.

सातपूर_रात्रपाळी:
स्पीकर माझ्याकडे आहे. पत्ता मेसेज कर, मीही येतो.