उत्तर: उत्तर: २४ डिसेंबर, दादरचा हॉल – वेळ बदलायची का?

प्रेषक: कार्यवाह

नमस्कार मंडळी,

आपल्या फ्रँकफुर्टच्या मराठी मंडळाच्या मुंबईतल्या नाताळ मेळाव्यासाठी घेतलेल्या हॉलवाल्यांचा फोन येऊन गेला. २४ ची संध्याकाळ, ६ ते १०, आपल्या नावावर आहे. उरलेले पैसे सोमवारपर्यंत भरायचे आहेत आणि एकदा भरले की परत मिळत नाहीत. त्या आठवड्यात कोण कोण मुंबईत आहे त्याची यादी सगळ्यांकडे आहेच. कार्यक्रम मागे ठरला तसाच: मुलांची गाणी, सांता, केक, जेवण. केक बिनअंड्याचा हवा असं तीन घरांनी कळवलंय, त्याचं कोणी बघेल का? बाकी हरकत असेल तर आजच लिहा.

प्रेषक: वसईकर

कार्यवाह,

हरकत आहे आणि मोठी आहे. २४ च्या संध्याकाळी आम्ही वसईतून हलूच शकत नाही. आमची मिस्सा, म्हणजे नाताळची मुख्य उपासना, असते. माझ्या लहानपणी ती खरोखरच मध्यरात्री असायची, पण लाउडस्पीकरला रात्री दहाची मर्यादा आल्यापासून पुष्कळ ठिकाणी मैदानावरची मिस्सा संध्याकाळीच सुरू करतात आणि दहाच्या आत आटपतात. म्हणजे तुमची ६ ते १० आणि आमची मिस्सा नेमकी एकाच वेळी. मिस्सेआधी कॅरोल असतात, त्यात माझी भाची गाते. त्यानंतर गोठ्यात बाळ येशूची मूर्ती ठेवायची, मग घरी. आम्ही दोन वर्षांतून एकदा येतो ते ह्याच संध्याकाळसाठी.

नाताळचा मेळावा करायचा आणि ज्यांच्या घरात नाताळ असतो त्यांनाच येता येणार नाही, असं होऊ नये. नवऱ्याच्या आजीच्या वेळी मिस्सा लॅटिनमध्ये असायची, व्हॅटिकन परिषदेनंतर साठच्या दशकात ती मराठीत आली. आजी शेवटपर्यंत सांगायची की पहिल्यांदा फादरांच्या तोंडून सगळं मराठीत कळलं तेव्हा ती रडली होती. आमच्या मुलांनी ती मराठी मिस्सा ऐकावी म्हणून आम्ही तिकिटं काढतो. ह्यात तडजोड होणार नाही.

प्रेषक: सांस्कृतिक समिती

वसईकर ताई,

तुमचं म्हणणं पटतं, पण तारीख समितीने ऑक्टोबरमध्ये यादीवर टाकली होती आणि कार्यक्रम ठरवण्याचं काम समितीकडेच आहे. ते तसंच राहू द्यावं. गणपतीच्या वेळी शेवटच्या आठवड्यात सगळं बदललं आणि नाटुकलं बसलंच नाही, ते विसरू नये.

२४ का घेतली तेही सांगते. आपली मुलं फ्रँकफुर्टला वाढतात. त्यांच्या वर्गात सगळ्यांना भेटी २४ च्या संध्याकाळीच मिळतात. दुपारी दोनपर्यंत दुकानं बंद होतात, रस्ते ओस पडतात, घरोघरी बटाट्याचं सॅलड आणि सॉसेजेस होतात आणि अंधार पडला की झाडाखालच्या भेटी उघडायच्या. २५ आणि २६ दोन्ही दिवस सुटीचे, पण मुलांच्या मनातला नाताळ २४ चाच. मुंबईत येऊन त्यांना ‘भेट उद्या सकाळी’ सांगितलं की ती हिरमुसतात. माझा धाकटा तर गेल्या वेळी आजोबांच्या घरी खिडकीत बसून होता, ख्रिस्टकिंड, म्हणजे भेटी आणणारा बाळ येशू, येऊन घंटा वाजवेल म्हणून. आजोबांनी शेवटी देवघरातली घंटा वाजवली!

प्रेषक: परळच्या आजी

सगळ्यांना आशीर्वाद.

मी यादीवर क्वचित लिहिते, मुलाने मेल उघडून दिलं आहे. आमच्याकडेही २४ ची संध्याकाळ अडकलेली आहे. सूनबाई पोलंडची. त्यांच्यात २४ ला दिवसभर मांस नाही आणि आकाशात पहिली चांदणी दिसल्याशिवाय पानावर बसायचं नाही. तिच्या माहेरी वॉर्साला साडेतीनलाच सूर्य मावळतो, इथे सहा वाजतात, म्हणून नातवंडं गॅलरीत येरझारा घालतात. परळमध्ये आता इमारती एवढ्या उंच झाल्यात की चांदणी दिसायला गच्चीवर जावं लागतं.

जेवायला बारा पदार्थ हवेत. बिटाचं सार, मशरूम भरलेले कानवले, कोबी, खसखस घालून काहीतरी गोड. तिकडे कार्प नावाचा गोड्या पाण्यातला मासा असतो, इथे आम्ही पापलेट करतो आणि ती म्हणते चालतं. टेबलक्लॉथखाली थोडं गवत पसरतात, येशूच्या गोठ्याची आठवण म्हणून. ते मी भायखळ्याहून मागवते. आणि एक पान जास्त मांडायचं, अचानक दारात येईल त्याच्यासाठी. मला हे फार आवडतं. पहिल्या वर्षी त्या पानावर आमचा वॉचमन जेवला. जेवणाआधी पातळ पापुद्र्यासारखी पोळी प्रत्येकाने प्रत्येकाची मोडून खायची आणि एकमेकांना शुभ चिंतायचं, तेव्हा माझा मुलगा आणि त्याचे बाबा वर्षभराचं भांडण तिथे मिटवतात.

तर २४ ला आम्ही नाही. दुसरा कुठलाही दिवस ठेवा, मी करंज्या करून आणीन.

प्रेषक: नगरकर

सप्रेम नमस्कार.

दुसरा कुठलाही दिवस म्हणताना २५ ची सकाळ कृपया टाळावी. आम्ही प्रोटेस्टंट, आमची मुख्य उपासना २५ ला सकाळीच. मी मुंबईत असलो की भायखळ्याच्या ह्यूम मेमोरियल चर्चमध्ये जातो. अमेरिकन मराठी मिशनचे लोक मुंबईत १८१३ साली आले, नगरला १८३१ साली, आणि आमचं घराणं त्या नगरच्या मिशनमधलं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्माही १८९५ साली मुंबईतच झाला. त्यांनी अभंग-ओवीच्या चालीत लिहिलेली भजनं आम्ही नाताळला टाळ-पेटीवर म्हणतो. मेळाव्यात मुलांची गाणी आहेत असं वाचलं, ती सगळी इंग्रजी आणि जर्मनच आहेत काय? मंडळ मराठी आहे. चारशे वर्षांपूर्वी फादर स्टीफन्सनी ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत रचली. एक तरी मराठी भजन घ्यावं, मी स्वतः पेटी वाजवीन.

सांताबद्दलही लिहितो. आमच्या घरात सांता कधी नव्हता. वडील म्हणत, जन्मदिवस ज्याचा त्याचं नाव घ्या. जर्मनीतही भेटी पूर्वी ६ डिसेंबरला संत निकोलसच्या नावाने देत. त्या ख्रिस्तजन्माकडे आणण्यात मार्टिन ल्यूथरचा मोठा वाटा मानतात, आणि सांस्कृतिक समितीच्या धाकट्याचा ख्रिस्टकिंड त्यातूनच आला. त्या मुलाला हे सांगा, त्याला आवडेल.

प्रेषक: गिरगावकर

बिनअंड्याच्या केकबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. ड्रेस्डेनचा स्टोलन, म्हणजे तिकडचा नाताळचा गोड पाव, नेऊ या. आमच्या शेजारीण दरवर्षी घरी करतात, त्यात अंडं अजिबात नसतं. मैदा, यीस्ट, दूध, भरपूर लोणी, बदाम, मनुका, संत्र्याची मुरवलेली साल. आठवडे टिकतो, सामानात दबला तरी बिघडत नाही. पूर्वी नाताळआधीच्या उपासात लोणी वर्ज्य होतं, तेव्हा तो तेलात करत आणि चव बेताची असे. सॅक्सनीच्या राजघराण्याने पोपकडे अर्ज केला आणि १४९१ साली लोण्याची परवानगी मिळाली. पाककृतीसाठी पोपचं पत्र!

प्रेषक: खजिनदार

गिरगावकर, मनुका रममध्ये भिजवतात ना? मग ज्या तीन घरांना अंडं चालत नाही त्यातल्या दोघांना तेही चालणार नाही. आधी विचारा, मग आणा.

पैशांचं: सोमवारच्या आत तारीख बदलली तर हॉलवाले आगाऊ रक्कम पुढच्या तारखेला वळवतील, असं मी आत्ताच विचारून घेतलं. २६ ला शनिवार, दुपारी ११ ते ३ मोकळं आहे. रविवारी २७ ला संध्याकाळ आहे, पण त्या दिवशी मेगाब्लॉक असणार आणि ठाणे-डोंबिवलीचे लोक अडकतील.

प्रेषक: गिरगावकर

मनुका संत्र्याच्या रसात भिजवता येतात. शेजारणीला सांगतो. चव वेगळी लागेल पण चांगली लागते, एका वर्षी त्यांनी नातवंडांसाठी तसाच केला होता.

प्रेषक: लालबागकर

माझ्या मेहुण्यांसाठी विचारतो. ते सर्बियाचे, ऑर्थोडॉक्स. त्यांचा नाताळ ७ जानेवारीला, कारण त्यांचं चर्च जुन्या ज्युलियन पंचांगाने चालतं आणि ते आता तेरा दिवस मागे आहे. म्हणजे २६ डिसेंबरला ते उपासात असतील: मांस, अंडी, दूध काहीच नाही. तेलातल्या भाज्या, कडधान्यं चालतात. दादरच्या जेवणात वाटाण्याची उसळ आणि बटाट्याची भाजी तेलावर ठेवली तर त्यांचं पोट भरेल. तुपाची फोडणी नको, एवढं केटररला सांगा.

प्रेषक: माझगावकर

सर्वांना नमस्कार. आम्ही माझगावच्या माथारपाखाडीचे, ईस्ट इंडियन ख्रिस्ती. वसईकर ताईंनी पदार्थांचं काही लिहिलं नाही आणि केकवरच गाडी अडली म्हणून मध्ये बोलते. नाताळचं खाणं म्हणजे केक असं मंडळात कोणी ठरवलं? आमच्याकडे नाताळ म्हणजे फुगे. पूर्वी पीठ ताडीने फुगवायचे, आता यीस्ट घालतात, आणि मुठीतून पिळून गरम तेलात सोडले की गोल टम्म होतात. त्यांच्याबरोबर इंद्याल, मसालेदार मांसाचं. व्हिनेगरमध्ये मुरायला लागतं म्हणून ते दोन दिवस आधीच करून ठेवायचं. मसाला उन्हाळ्यात कांडून काळ्या बाटल्यांत भरून ठेवलेला असतो, म्हणून त्याला बॉटल मसालाच म्हणतात. रात्री मिस्सेहून आल्यावर मोठ्यांना खिमाड, म्हणजे मसाले घातलेली गरम दारू.

आमचे लोक मूळचे इथलेच, मुंबई-साष्टीचे, घरात मराठी. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वेळी ईस्ट इंडियन हे नाव घेतलं. पण मंडळात दर वर्षी कोणीतरी विचारतं, ‘तुम्ही गोव्याचे का?’ गोव्याचा नाताळ वेगळा. त्यांच्याकडे दोदोल, बेबिंका, आणि ताटं भरून शेजाऱ्यांकडे कुसवार, म्हणजे नाताळचा फराळ, पाठवायचा. त्यातले नेवऱ्या-कलकल आमच्याकडेही आहेत, पण फुगे आमचे.

प्रेषक: वसईकर

माझगावकर ताई, फुगे वसईतही होतात! कलकल काट्याच्या पाठीवर वळायला आमच्याकडे अख्खी आळी बसते. आमची बोली निराळी, आम्ही सामवेदी, घरात कादोडी बोलतो, आणि वाडवळ ख्रिस्ती कुटुंबांची पद्धत पुन्हा निराळी. पण फुग्यांवर एकट्या माझगावचा हक्क मला मान्य नाही. तुमच्या बॉटल मसाल्यात किती जिन्नस? माझ्या सासूबाईंच्या वहीतली यादी पानभर आहे आणि ती त्या कुणाला दाखवत नाहीत.

प्रेषक: माझगावकर

आमची आईही दाखवत नाही. २६ ला दोन्हीकडचे फुगे आणू आणि खाणाऱ्यांना ठरवू द्या. तिथे तळायला जागा आहे का? थंड झाले की मजा जाते.

प्रेषक: सांस्कृतिक समिती

२६ ला समितीची हरकत नाही. जर्मनीत तो दिवस नातेवाइकांकडे जायचाच असतो, मुलांना सांगायला सोपं. भेटी ज्याने त्याने २४ ला घरी द्याव्यात. सांताचा पोशाख घेतलेला आहे, तो मुंबईत आणायचा की नाही ह्यावर मात्र समितीत चर्चा व्हायला हवी, इथे नको. नगरकर काका, भजनाचे शब्द पाठवा, मुलांना देवनागरी वाचता येत नाही म्हणून मी बसून पाठ करून घेईन. पेटी हॉलवर मिळत नाही, तुमची आणावी लागेल.

एक विचारते. ३१ ला माझगाव-वांद्र्याला म्हातारा जाळतात तो बघायला मुलांना नेता येईल का? कागद-कपड्यांचा म्हातारा करून मुलं पैसे मागत फिरतात, असं नवरा सांगतो. तो लहानपणी शेजारच्या गल्लीत जायचा.

प्रेषक: माझगावकर

या की. पाड्यातली पोरं आधीच्या आठवड्यापासून म्हातारा घेऊन बसलेली असतात, सुटे पैसे ठेवा. रात्री बारा वाजता जाळतात. लहान मुलांना धुरापासून लांब उभं करा.

प्रेषक: नगरकर

भजनाचे शब्द सोबत जोडले आहेत. दुसरं कडवं वरच्या पट्टीत जातं, मुलांना जड वाटलं तर पट्टी उतरवून घेऊ. आमच्याकडे नाताळला चकल्या, अनारसे, शंकरपाळे, लाडू सगळा फराळ होतो, दिवाळीला शेजाऱ्यांकडून आलेल्या ताटाची परतफेड त्यानेच करायची ही आईची रीत होती. बायको चकल्या आणील. परळच्या आजी, करंज्या तुमच्या.

प्रेषक: कार्यवाह

मंडळी,

तारीख २६ डिसेंबर, शनिवार, ११ ते ३, तोच हॉल. खजिनदारांनी रक्कम वळवून घेतली. केटररला सांगितलंय: वाटाण्याची उसळ आणि बटाट्याची भाजी तेलावर, तुपाची फोडणी वेगळ्या भांड्यात. हॉलच्या मागे स्वयंपाकघर आहे, गॅस मिळेल पण कढई नाही. माझगावकर ताई आणि वसईकर ताई, आपापली कढई आणावी. फुगे साडेबाराला तळायला घ्यावेत, म्हणजे नळाला पाणी येऊन गेलेलं असेल.

स्टोलन किती किलो आणायचा ते गिरगावकर आणि खजिनदार आपसात ठरवतील.

प्रेषक: परळच्या आजी

करंज्या किती लोकांच्या ते कळवा. सूनबाई विचारते, एक पान जास्त मांडायचं का. मी हो म्हटलं आहे, केटररला तेवढं एक ताट वाढवून सांगा.

प्रेषक: खजिनदार

एक ताट वाढवलं. लालबागकर, मेहुणे येणार हे नक्की ना? आज रात्रीपर्यंत कळवा, उद्या सकाळी केटररला आकडा द्यायचा आहे.