ऑइल कॅपखाली पिवळट फेस, डिपस्टिक मात्र स्वच्छ. हेड उतरवायचं का?

निळी_हॅचबॅक
१२०० सीसी पेट्रोल, ६२ हजार किलोमीटर. थंडी सुरू झाल्यापासून ऑइल कॅपच्या आत पिवळट-पांढरा चिकट फेस धरतोय. पुसला तरी पुन्हा येतो. डिपस्टिकवरचं (ऑइल मोजायच्या दांडीवरचं) ऑइल नेहमीच्याच रंगाचं आहे. गाडी रोज जेमतेम तीन किलोमीटर जाते आणि तेवढीच परत येते. गॅरेजमध्ये सांगितलं की हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलंय, हेड उतरवावं लागेल. त्याआधी काय तपासून घेऊ?

टॅपेट_कव्हर
घाई करू नका. कॅपखालचा फेस वेगळा आणि चेंबरमधल्या (इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं तिथल्या) ऑइलमध्ये शिरलेलं कूलंट वेगळं.

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. त्याची बहुतेक वाफ सायलेन्सरमधून निघून जाते, थोडी पिस्टन रिंगांच्या फटीतून खाली चेंबरमध्ये उतरते. इंजिन नीट तापलेलं असलं तर ती ब्रीदरमधून (चेंबरमधली वाफ बाहेर नेणाऱ्या नळीतून) इनटेककडे, म्हणजे इंजिनात हवा शिरते तिकडे, ओढली जाते. तीन किलोमीटरमध्ये ते होत नाही. डॅशबोर्डवरचा काटा मध्यावर आला तरी तो कूलंटचा असतो, ऑइल त्याच्या बरंच मागे रेंगाळतं. ऑइल ९० अंशांच्या आसपास काही वेळ टिकलं तरच त्यातलं पाणी उडून जातं. टॅपेट कव्हरचा (हेडवरच्या झाकणाचा) वरचा भाग आणि कॅप सगळ्यात थंड, म्हणून वाफ तिथे जमते आणि उडणाऱ्या ऑइलमध्ये घुसळून फेस होतो.

आता तपासणी. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर कूलंटच्या टाकीवर पातळीची खूण करा आणि दोन आठवडे सकाळी सुरू करण्याआधीच बघा. रेडिएटरला वेगळं झाकण असेल तर तेही थंड असतानाच उघडा, गरम असताना उकळतं पाणी अंगावर येतं. डिपस्टिकची पातळीही बघत राहा. ती वाढत असेल तर ऑइलमध्ये पाणी किंवा पेट्रोल मिसळतंय.

ऑइलमध्ये पाणी आहे का हे एका थेंबावरून कळतं. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, म्हणजे ऑइल ढवळलं जाईल. मग साधारण १५० अंश तापलेल्या धातूच्या पट्टीवर डिपस्टिकवरून एकच थेंब टाका. पट्टी गाडीपासून लांब ठेवा आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. तडतडून बुडबुडे आले तर पाणी आहे. नुसता पसरून थोडा धूर आला तर चिंता करण्याइतकं नाही.

गॅस्केट_किट
वरचं सगळं बरोबर, पण डिपस्टिक स्वच्छ म्हणून गॅस्केट ठणठणीत असं धरू नका. गॅस्केट सिलिंडर आणि कूलंटच्या वाटेमध्ये फुटलं तर ऑइलला पाणी लागतच नाही. तेव्हा लक्षणं वेगळी दिसतात: सकाळी सुरू केल्यावर एखादा सिलिंडर मिस होतो, इंजिन तापल्यावरही गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहतो, रेडिएटरचा वरचा होज थोड्याच वेळात दगडासारखा कडक होतो.

याची खात्री हेड न उतरवता होते. कूलंटच्या तोंडावर निळ्या रसायनाची नळी लावून वरची हवा त्यातून ओढतात. जळलेला वायू असेल तर पेट्रोल इंजिनवर रंग पिवळा होतो. दुसरी चाचणी प्रेशर पंपाची. झाकणावर छापलेल्या दाबाइतकीच हवा थंड इंजिनवर भरायची आणि पंधरा मिनिटं काटा बघायचा. उतरला आणि बाहेर कुठे ओल दिसली नाही, तरच आतल्या गळतीबद्दल बोला. या दोन चाचण्या न करता कोणी हेड खोलायला निघालं असेल तर गाडी दुसरीकडे न्या.

व्हॅक्यूम_नळी
पीसीव्ही व्हॉल्व्हचा (ब्रीदरच्या वाटेवरच्या झडपेचा) विषय कोणी काढला नाही म्हणून लिहितोय. तो चोंदला की वाफेची बाहेर जायची वाटच बंद होते. व्हॉल्व्ह काढून हलवा, बहुतेक प्रकारांत आतला तुकडा खडखड वाजतो. मग नळीला जोडून, इंजिन आयडलवर असताना मोकळ्या टोकावर बोट ठेवा, ओढ जाणवली पाहिजे. नळीही वाकवून बघा. आत तोच चिकट फेस साचून ती अर्धी बुजलेली असते.

आणि थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. तो उघडा अडकला तर काटा खोटी खात्री देतो, म्हणून स्कॅनर लावून मोकळ्या रस्त्यावर कूलंटचं तापमान वाचा.

निळी_हॅचबॅक
कूलंट खुणेवरच आहे, थेंब तडतडला नाही, पीसीव्हीला ओढ आहे. स्कॅनरवर मात्र मोकळ्या रस्त्यावर ७१-७२, सिग्नलला थांबलं की ८५. इंजिन फ्लश करून घेऊ का? आणि घरी उभी ठेवून वीस मिनिटं चालवली तर?

व्हॅक्यूम_नळी
मग थर्मोस्टॅटच. वेग घेतल्यावर तापमान पडणं हे तो बंद होत नसल्याचं ठळक लक्षण. मूळ पार्ट जितक्या अंशांचा आहे तितक्याचाच घ्या, लवकर उघडणारा बसवू नका. हवा सोडायची छोटी पिन असेल तर ती वरच्या बाजूला ठेवा. कूलंट भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवून हवा काढा.

टॅपेट_कव्हर
फ्लश नको, सुटलेला गाळ ऑइल पंपाच्या तोंडाशी असलेल्या स्ट्रेनरच्या जाळीत अडकला तर ऑइल प्रेशर पडेल. आयडलवर चालवण्यात तर उलट तोटा आहे. भार नसल्याने ऑइल तापत नाही, पेट्रोल जळून पाणी मात्र बनत राहतं. त्याऐवजी आठवड्यातून एकदा सलग अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर चालवा. थर्मोस्टॅट झाल्यावर ऑइल आणि फिल्टर बदला, आणि पुढचा बदल मॅन्युअलमधल्या खडतर वापराच्या तक्त्यानुसार करा, त्यात महिन्यांची मर्यादाही दिलेली असते. कॅप पुसून ठेवा. अशा वापरात कडाक्याच्या थंडीत पातळसा थर दिसला तर तो चालतो.